वाईट स्वप्नाने दचकून जाग आली की पुन्हा झोप कशी लागेल?

तुम्ही लिहिलंय की पहाटे तीन-चारला घाबरून जाग येते, छाती धडधडत असते आणि परत डोळे मिटायचीच भीती वाटते. दोनेक वर्षं मीही हे भोगलंय, म्हणून सांगतो.

मी काय करायचो, तर जाग आली की अंधारात तसाच पडून राहायचो आणि "झोप, झोप" म्हणून स्वतःला दटावायचो. मग स्वप्न जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू. आता आधी उठून बसतो. मंद दिवा लावतो, तळपाय फरशीला टेकवतो आणि समोर दिसेल त्याचं नाव घेतो, अगदी पुटपुटत का होईना: खुर्ची, पंखा, चार्जर. वेडेपणा वाटेल, पण आपण कुठे आहोत हे मनाला पटतं. मग श्वास. "खोल श्वास घ्या" असं जो तो सांगतो, पण घाबरलेल्या माणसाने भराभर खोल श्वास घेतले तर उलट गरगरायला लागतं. भर सोडण्यावर द्या. चार मोजत आत, सात-आठ मोजत बाहेर. सावकाश सोडलेल्या श्वासाने ठोके हळूहळू खाली येतात. घड्याळ बघू नका, मोबाइल तर नकोच. बराच वेळ झोप आलीच नाही तर अंथरुण सोडा आणि काहीतरी रटाळ वाचत बसा.

पहाटेच का, तर ठळक स्वप्नं बहुतेक 'रेम' नावाच्या झोपेत पडतात, म्हणजे मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात त्या झोपेत. ती साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि रात्र सरेल तशी लांबत जाते. त्या वेळी स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून कधी जाग आली तरी क्षणभर हातपाय हलत नाहीत. पहिल्यांदा झालं तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती, पण ते आपोआप सुटतं.

हे सगळं झालं रात्रीपुरतं. स्वप्न थांबवायचं असेल तर काम दिवसा करावं लागतं, आणि माझा खरा फायदा त्यानेच झाला. ते काम म्हणजे जागेपणी स्वप्नाची गोष्ट बदलून तिचा सराव करणं. अमेरिकेत झोपेच्या विकारांचे डॉक्टर बॅरी क्राकाव यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसोबत ही पद्धत वापरून पाहिली. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात दुःस्वप्नं कमी झाल्याचं दिसलं. करायचं इतकंच: भर दिवसा स्वप्न कागदावर लिहायचं, त्यात हवा तो बदल करायचा आणि ती नवी गोष्ट रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायची. माझ्या स्वप्नात जिना संपायचा नाही आणि मागून कुणीतरी चढत यायचं. मी त्याला माझ्यापर्यंत पोचू दिलं. तो हातात दोन जड पिशव्या घेतलेला, घामाघूम माणूस निघाला आणि "सरका जरा" म्हणून पुढे गेला! शौर्य वगैरे गाजवायची गरज नाही, बदल तुमच्या मनाला पटला की पुरे. मला तीनेक आठवड्यांनी फरक जाणवला. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून मात्र करू नका, एखादं सौम्य निवडा.

आणखी एक पाहा. हे सगळं एखादं औषध सुरू झाल्यावर सुरू झालंय का? रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनी अशी स्वप्नं वाढू शकतात. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. झोपेसाठी दारू घेत असाल तर ती उलटते: सुरुवातीला रेम झोप दाबली जाते आणि उत्तररात्री ती जोर करून येते.

प्रत्यक्ष घडलेला प्रसंगच स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर वही-पेन घेऊन एकटं बसण्याऐवजी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आणि झोपेत हातपाय झाडून शेजारच्याला मार बसत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तो प्रकार निराळा आणि त्याची तपासणीही निराळी.