बिल्डरने वेबसाइट बदलली आणि आता माझा स्क्रीनशॉट बनावट म्हणतोय. वेबपानाचा पुरावा टिकेल असा कसा जपायचा?

तुमच्या प्रश्नातला मामला थोडक्यात असा: बुकिंग केलं तेव्हा प्रकल्पाच्या पानावर क्लबहाउस, पोहण्याचा तलाव आणि ताब्याची तारीख होती. आता तलाव गायब आहे, तारीख पुढे गेली आहे, तुमच्या हातात मोबाइलवरचा एकच स्क्रीनशॉट आहे आणि समोरचे वकील तो खोटा म्हणतायत.

वकिलांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. कुठल्याही ब्राउझरमध्ये पानावर उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं की ताब्याची तारीख दोन मिनिटांत बदलता येते, आणि त्यानंतर काढलेला स्क्रीनशॉट हुबेहूब खऱ्या पानासारखा दिसतो. त्यामुळे नुसतं चित्र हा कच्चा पुरावा. अमुक पत्त्यावर अमुक वेळी हा मजकूर होता, तो उतरवून घेतल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही, आणि तुमच्या ताब्यात नसलेली एखादी प्रतही तेच सांगते, एवढं दाखवता आलं की ‘बनावट’ म्हणणं अवघड होतं.

आधी हातचं निसटलेलं शोधा. वेबॅक मशीन ही इंटरनेटवरच्या पानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट आहे; तिथे पानाचा पत्ता टाका, पण एकदा ‘नाही’ आलं म्हणून सोडू नका. सुरुवातीचे तीन डब्ल्यू लावून आणि काढून पाहा. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर लोंबणारं जाहिरातीचं शेपूट काढून पाहा. साइटच्या मुख्य पत्त्यापुढे तिरपी रेघ आणि तारांकन टाकलं की त्या साइटचे साठवलेले सगळे पत्ते यादीत दिसतात. पान नसलं तरी ब्रोशरची पीडीएफ अनेकदा तिथे सापडते. गुगलची कॅश, म्हणजे गुगलने साठवलेली पानाची प्रत दाखवण्याची सोय, २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे तो जुना मार्ग विसरा. एजंटांच्या आणि घरविक्रीच्या पोर्टलवर तेच ब्रोशर जसंच्या तसं चढवलेलं असतं, आणि बिल्डर स्वतःची साइट साफ करताना या प्रती काढायला हमखास विसरतो.

वेबॅकवर पान मिळालं तर दोन खाचा लक्षात ठेवा. पत्त्यातला १४ आकडी क्रमांक म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. पण ही वेळ जागतिक असते, भारतीय नाही. त्यात साडेपाच तास मिळवायचे. २०२५०३१४१९४५०० म्हणजे आपल्याकडे १५ मार्च, पहाटे सव्वा वाजता. तक्रारीत १४ मार्च लिहिलंत तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. दुसरी खाच म्हणजे पानातली चित्रं आणि मजकूर वेगवेगळ्या दिवशी टिपलेले असू शकतात. वरच्या पट्टीत ‘अबाउट धिस कॅप्चर’ असं असतं. ते उघडलं की कुठला तुकडा किती दिवस आधीचा किंवा नंतरचा आहे ते कळतं. तलावाचं चित्र मूळ पानानंतर आठ महिन्यांनी टिपलेलं असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. शिवाय साइटचा मालक विनंती करून आपली पानं तिथून वगळून घेऊ शकतो. म्हणून सापडलेली प्रत त्याच दिवशी स्वतःकडे उतरवून घ्या.

आता आज जे पान दिसतंय ते. हो, बदललेलं पानही जपायचं, कारण ‘आधी हे होतं, नंतर हे केलं’ हे दोन्ही पानं शेजारी ठेवल्यावरच दिसतं. आणि हे नोटीस पाठवण्याच्या आधी करा. नोटीस आधी आणि साठवण नंतर, हा उलटा क्रम प्रकरण घालवू शकतो. नोटीस पोचल्या दिवशी साइट बदलायला मार्केटिंगच्या माणसाला दहा मिनिटं पुरतात.

हे काम मोबाइलवर नाही, संगणकावर करा. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळणारं ठेवा. लॉगिन न करता, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून जा. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन आणि आपोआप भाषांतर बंद ठेवा, नाहीतर तुम्ही पाहिलेलं पान आणि त्यांनी टाकलेलं पान एक राहत नाही. मग शेवटपर्यंत हळूहळू खाली जा, कारण बरीच चित्रं तिथवर पोचल्याशिवाय येतच नाहीत. ‘अधिक वाचा’ आणि मिटलेले सगळे कप्पे उघडा. छोट्या अक्षरातलं तारांकन दिसलं की ते ज्या अटींच्या पानावर नेतं तेही जपा. ‘चित्रे कल्पनाचित्रे आहेत’ हे वाक्य तुमच्या विरुद्ध जाणारं असलं तरी ते गाळू नका. ते समोरचा आणणारच आहे. तुम्हीच आधी ठेवलंत तर बाकीच्या कागदांवर विश्वास बसतो.

एका पानाच्या तीन प्रती घ्या, कारण प्रत्येकीचं दुखणं वेगळं आहे.

पहिली वेबॅकच्या ‘सेव्ह पेज नाउ’ने. ही तुमच्या हाताबाहेरची, म्हणून मोलाची. खातं उघडून लॉगिन केलंत तर पानावरच्या दुव्यांमागची पानं आणि स्क्रीनशॉटही सोबत साठवता येतात. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला होऊन ही सेवा काही दिवस बंद होती, तेव्हा एकाच खुंटीवर सगळं टांगू नका.

दुसरी, पानाचा पूर्ण सांगाडा. सिंगलफाइल हे फुकट एक्स्टेन्शन चित्रांसकट सगळं पान एका फाइलमध्ये बसवतं. पान फार हलतं-बोलतं असेल तर आर्काइव्हवेब डॉट पेज वापरा. ते ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाणच नोंदवतं आणि नंतर रिप्लेवेब डॉट पेजवर ते पान पुन्हा ‘चालवून’ दाखवता येतं. माझं मत विचाराल तर वादग्रस्त पानासाठी हेच सर्वांत भक्कम. पण ते लॉगिन केलेल्या सत्रात चालवलंत तर तुमची खाजगी माहितीही त्या फाइलमध्ये जाते.

तिसरी पीडीएफ, कारण ग्राहक आयोगापुढे शेवटी कागदच ठेवायचा असतो. छापण्याच्या खिडकीत ‘हेडर्स अँड फूटर्स’ आणि ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ दोन्हींवर खूण करा; त्याने प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि पत्ता उमटतो. लांब पत्ता तळाशी कापला जातो, तो नोंदवहीत पूर्ण लिहा. काही साइट छपाईच्या वेळी अर्धं पान लपवतात किंवा वरची चिकट पट्टी मजकुरावर आणतात, म्हणून पीडीएफ उघडून एकदा वाचून काढा.

याच्या जोडीला दोन-तीन मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या: कोऱ्या टॅबपासून सुरुवात, पत्ता हाताने टाइप, कोपऱ्यातलं घड्याळ दिसतंय, मग वरपासून खालपर्यंत. मध्ये काटछाट नाही.

सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये आल्या की लगेच हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून गेट-फाइलहॅश ही आज्ञा आणि पुढे फाइलचं नाव दिलं की एसएचए-२५६ पद्धतीचा ६४ अक्षरांचा ठसा मिळतो. एमडी-५ आणि एसएचए-१ या ठशाच्या जुन्या पद्धतीही कायद्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात (त्याबद्दल पुढे) आहेत, पण त्या दोन्ही पद्धतींत दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा बनवून दाखवलेला आहे, म्हणून २५६ च धरा. ठशांची यादी त्याच दिवशी ईमेलने स्वतःला आणि वकिलांना पाठवा. हॅश फक्त ‘नंतर बदल नाही’ एवढंच सांगतो; कधीपासून, ते त्या ईमेलची तारीख सांगते.

इथे नेहमीचा घोटाळा होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. वकिलांना फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट दाबून लहान केला जातो, आतली माहिती झडते, आणि ठसा जुळत नाही. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल कापू नका, त्यावर लाल वर्तुळं काढू नका. वर्तुळं काढायची तर नक्कल करून तिच्यावर.

नोंदवही साधी वहीसुद्धा चालते: पूर्ण पत्ता, तारीख, २४ तासांच्या पद्धतीने वेळ, कुठला संगणक, कुठला ब्राउझर आणि आवृत्ती, फाइलचं नाव, हॅश, वेबॅकचा दुवा, कोणी केलं. शक्य असेल तर घराबाहेरच्या एका माणसाकडून तेच काम त्याच्या संगणकावर त्याच दिवशी करून घ्या.

आता कायद्याची बाजू. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलच्या जुन्या कलम ‘६५-ब’ची जागा कलम ६३ ने घेतली. सोबतच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे. भाग ‘अ’ तुम्ही भरायचा: उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, हॅश आणि पद्धत. भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा. तो माणूस सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळत नाही, वकिलांना आधीच विचारून ठेवा. प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे आपल्याच जालन्याच्या प्रकरणात ठरलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओंवर आला आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं सांगितलं. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं तर त्याची गरज नाही, हेही त्यातच आहे. ग्राहक आयोगाचं कामकाज प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांवर चालतं, तिथे पुराव्याचा कायदा अक्षरशः लावत नाहीत. तरी प्रमाणपत्र जोडाच, अपिलात प्रश्न उरत नाही. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाकडे, गेलात तर रेरा कायद्याचं कलम १२ तुमचं: जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते.

महारेराचं प्रकल्पाचं पानही जपा. ताब्याची मूळ आणि वाढवलेली तारीख तिथे सापडते. पण त्याच्या वाटेत कॅप्चा (तुम्ही यंत्र नाही हे तपासणारं कोडं) येतो आणि अनेक सरकारी साइट परदेशी सर्व्हरला आत घेत नाहीत, त्यामुळे वेबॅक तिथे हात टेकतं. अशा ठिकाणी आर्काइव्हवेब आणि रेकॉर्डिंग हेच उपाय. शासन निर्णय लागत असेल तर मूळ पीडीएफ उतरवा, पुन्हा ‘प्रिंट’ करून पीडीएफ बनवू नका. त्याने त्यातली डिजिटल स्वाक्षरी जाते. शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदातला संकेतांक टिपून ठेवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी करून चिकटवला तर कचरा येतो, तोही प्रकार टाळा. सरकारी पानावरचा मजकूर कधी, कुणाच्या आदेशाने बदलला हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा.

फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात चालू असतानाच मेटाच्या जाहिरात संग्रहात तिचा क्रमांक टिपा. व्यापारी जाहिरात बंद झाली की आपल्याकडे ती तिथून निघून जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो वाचता येईल एवढा स्पष्ट टिपा.

आणि तुमचा तो एकुलता एक स्क्रीनशॉट? ज्या फोनवर काढलात तो फोन विकू नका, रीसेट करू नका. मूळ फाइल केबलने उतरवून आजच तिचा हॅश काढा. सेल्समनने व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रोशर पाठवलं असेल तर ते संभाषण फोनमध्ये तसंच राहू द्या. मग आयोगाकडे अर्ज करा की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(९) खाली बिल्डरने त्या काळातल्या साइटच्या जुन्या प्रती आणि जाहिरात संस्थेला दिलेल्या मंजुरीचे ईमेल हजर करावेत. साइट त्याची, सर्व्हर त्याचा. तुमचं चित्र खोटं असेल तर खरं पान दाखवणं त्याला सोपं असायला हवं.