मार्क थ्री अ‍ॅम्बॅसेडरला इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स बसवावा का?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७८ ची मार्क थ्री, स्टेअरिंगवरचे चार गिअर. दुसरा टाकताना खरखर होते, चालत्या गाडीत पहिला पडत नाही आणि पुणे रस्त्यावर ऐंशीला इंजिन ओरडतं. भंगारवाल्याकडे इसुझू इंजिनवाल्या अ‍ॅम्बॅसेडरचा पाच गिअरचा बॉक्स आलाय, तो घेऊन टाकावा का.

माझ्या मार्क थ्रीला हाच बॉक्स आहे, अकरा वर्षं झाली. मी तो दोनदा बसवला, कारण पहिल्यांदा तो चुकीचा बसला होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि त्या तिन्हींचं मूळ एक नाही. चालत्या गाडीत पहिला न पडणं हा बिघाडच नाही. त्या चार गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना चक्रांचा वेग जुळवणारी पितळी रिंग, नाही. दुसरा, तिसरा, चौथा यांनाच आहे. थांबून टाका किंवा डबल क्लच मारा, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून जरा रेस द्या आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. जुने टॅक्सीवाले हे न बघता करायचे, पंधरा दिवसांत तुमच्याही पायाला सवय होईल. दुसऱ्याची खरखर मात्र खरी आहे. पण बॉक्स उतरवण्याआधी बॉनेट उघडा, कुणाला तरी आत बसवून गिअर टाकायला सांगा आणि स्टेअरिंग कॉलमच्या खालच्या टोकाचे लिव्हर आणि रॉड बघत राहा. बुश खाल्लेले असतील तर वर दांडा पूर्ण फिरतो आणि खाली बॉक्सचा लिव्हर अर्धाच सरकतो. गिअर अर्धवट पडतो आणि आपण सिंक्रो रिंगला दोष देतो. नवे बुश लेथवर करून घ्यायला अर्धा दिवस लागतो. तेलही बघा. डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं, जीएल-५ तेल कुणी गिअरबॉक्समध्ये ओतलं असेल तर पितळी रिंगला पकड मिळत नाही, ती घसरते आणि खरखर होते. असं तेल मी निदान चार गाड्यांमधून काढलंय.

म्हणजे पाचव्या गिअरशी खरा संबंध फक्त तिसऱ्या तक्रारीचा. तिथे आकडेमोड करावी लागते आणि तीच बहुतेक जण टाळतात.

आधी तुमच्या गाडीत क्राउन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी जोडी) कुठलं आहे ते बघा. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) त्या घराण्यातल्या अ‍ॅक्सलमध्ये ८-३९ आणि ९-४१ असे दातांचे जोड येत, म्हणजे ४.८८ किंवा ४.५६. हाऊसिंग उघडायची गरज नाही. पुढच्या चाकांना दगडाचा अडसर लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या नळीवर) खडूची खूण करा आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टचे जितके फेरे होतील तेच तुमचं गुणोत्तर. पाचला जरा कमी पडले तर ८-३९, साडेचारच्या किंचित पुढे गेले तर ९-४१. मधल्या काळात कुणी हाऊसिंग बदललेलं असू शकतं, म्हणून पुस्तकावर जाऊ नका, मोजाच.

आता ५.९०-१५ टायर धरा. एका फेऱ्यात गाडी साधारण २.०७ मीटर पुढे जाते. ऐंशीला चाकाचे मिनिटाला ६४५ च्या आसपास फेरे होतात. चौथा गिअर सरळ, एकास एक. म्हणजे ८-३९ असेल तर इंजिन मिनिटाला ३,१४० फेऱ्यांवर आणि ९-४१ असेल तर २,९३० वर. पाचव्याचं गुणोत्तर ०.८५ धरलं तर ८-३९ बरोबर २,६७० आणि ९-४१ बरोबर २,४९० येतात. बघा, नुसतं क्राउन-पिनियन बदलून २०० फेरे कमी होतात, पाचव्या गिअरने ४७०. फरक कानाला नक्की जाणवतो, साताऱ्याच्या पुढे सपाटीवर तर फारच.

पण पाचवा गिअर ताकद देत नाही, तो ती काढून घेतो. १,४८९ सीसीच्या इंजिनाची ताकद पन्नास बीएचपीच्या आसपास. इसुझूचं इंजिन १,८१७ सीसीचं आणि ७५ बीएचपीचं, हा बॉक्स त्याच्या जोडीने आलेला. तुमच्या इंजिनावर पाचवा सपाटीलाच चालेल. पुण्याहून परत येताना खंबाटकीत चौथाही टिकत नाही, तिसऱ्यावर यावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहेच. चढाला, समोरून वारा असताना किंवा गाडीत पाच माणसं असताना हट्टाने पाचव्यात ठेवलंत तर इंजिन दबून चालतं. त्याचा क्रँक तीनच मेन बेअरिंगवर आहे आणि दबलेल्या इंजिनाचा मार त्या बेअरिंगवर पडतो. तुमच्याकडे आधीच ९-४१ असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पाचव्याच्या मागे लागू नका, चार गिअरचाच बॉक्स नीट उघडून करून घ्या. ८-३९ असेल आणि महिन्यातून दोनदा तरी पुणे होत असेल, तर पुढचं वाचा.

बॉक्स घेताना तोंडापासून शेपटापर्यंत घ्या. बेल हाऊसिंग (बॉक्स इंजिनाला जोडणारं घंटेच्या आकाराचं आवरण), क्लच फोर्क, गिअरचा दांडा, मागचं माउंटिंग, त्याचा क्रॉस मेंबर, स्पीडोमीटरची छोटी पिनियन आणि प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक. या किरकोळ वस्तू नंतर शोधताना माणूस रडकुंडीला येतो. तेलाचा प्लग भंगारवाल्यासमोरच काढा. काळं तेल चालेल, पण सोनेरी चकचकीत कण दिसले तर रिंगा गेल्यात. इनपुट शाफ्ट हाताने फिरवत एकेक गिअर टाकून बघा. पाचव्यात दहा फेरे द्या आणि मागचं टोक किती फिरतं ते मोजा. पावणेबाराच्या आसपास आले तर ०.८५. वेगळं आलं तर तोच आकडा घेऊन वरचा हिशोब पुन्हा करा. पहिल्याचंही मोजा. त्याला क्राउन-पिनियनच्या आकड्याने गुणा आणि जुन्या बॉक्सच्या पहिल्याशी ताडून बघा. गुणाकार बराच कमी आला तर भरलेली गाडी गगनबावड्याच्या घाटात उठवताना क्लचप्लेट जळेल.

आता मुख्य काम, अ‍ॅडॅप्टर प्लेट. इसुझूची बेल हाऊसिंग तुमच्या इंजिनाच्या पाठीला सरळ बसत नाही, मधे जाड प्लेट लागते. ती कोल्हापुरात उद्यमनगरात उत्तम होते, कास्टिंग आणि लेथची अशी माणसं दुसरीकडे शोधावी लागतात. पण प्लेट करणारा भोकं जुळवून देतो. शाफ्टचं केंद्र जुळलंय की नाही हे बघणं आपलं काम. माझ्याकडून तेच राहिलं होतं. पहिल्यांदा ज्या गॅरेजने बसवला त्यांनी बोल्ट सहज गेले म्हणून सगळं बरोबर आहे असं धरलं, मीही धरलं. सातशे किलोमीटरवर क्लच दाबला की घरघर यायला लागली, नंतर चौथा गिअर आपोआप सुटायला लागला. उतरवून बघितलं तर क्रँकमधला पायलट बुश (ज्यात इनपुट शाफ्टचं टोक फिरतं) लांबट झालेला आणि इनपुट बेअरिंगची गोळी खाल्लेली. बेल हाऊसिंगचं केंद्र क्रँकच्या केंद्रापासून सोळा थाऊ, म्हणजे इंचाचे सोळा हजारांश, सरकलेलं होतं. उघड्या डोळ्यांना ते दिसत नाही. शाफ्ट मात्र प्रत्येक फेऱ्याला तेवढा वाकत होता.

दुसऱ्यांदा मी स्वतः उभा राहिलो. रिकामी बेल हाऊसिंग प्लेटसकट इंजिनाला कसली, डायल गेजचा चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर बसवला, सुई हाऊसिंगच्या मधल्या बोअरला टेकवली. स्पार्क प्लग काढले आणि पुढून पान्याने क्रँक हळूहळू फिरवला. एका पूर्ण फेऱ्यात सुई जितकी हलते त्याचा निम्मा म्हणजे केंद्राचा फरक. तो पाच थाऊच्या आत हवा, म्हणजे सुई दहाच्या आत. आम्ही बोल्ट ढिले करायचे, रबरी हातोडीने एका अंगाने टिचकी मारायची, पुन्हा कसायचं, पुन्हा फिरवायचं. सकाळी दहाला सुरुवात केली, चहा दोनदा झाला, दुपारी तीनला सुई सहावर आली. तिथेच रीमर मारून डॉवेल पिना, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खिळी, ठोकल्या. आता बॉक्स कितीही वेळा उतरवला तरी त्याच जागी बसतो. तुमच्या मिस्त्रींनी ‘एवढं कोण करतं’ म्हटलं तर काम दुसऱ्याकडे न्या. या एका गोष्टीवर तडजोड करू नका.

प्लेटची जाडीही अंदाजाने ठरवू नका. इनपुट शाफ्टचं नाक पायलट बुशमध्ये पुरेसं शिरलं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. बुश नवाच करावा लागतो, बाहेरचा व्यास क्रँकच्या भोकाचा आणि आतला इसुझूच्या शाफ्टचा. क्लचप्लेटचंही तसंच: मधला हब बॉक्सच्या स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या खाचांच्या मापाचा), बाहेरची तबकडी तुमच्या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मापाची. चांगले क्लचवाले असा हब बदलून रिव्हेट मारून देतात. स्टार्टरचं तोंड जिथे येतं तिथे बेल हाऊसिंग कापावी लागते, ते प्लेट करायला देण्याआधीच आखून घ्या.

प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलेल. गाडी चाकांवर उभी असताना मोजा, जॅकवर लटकत्या अ‍ॅक्सलने नाही. मागे पाटे आहेत, खड्ड्यात अ‍ॅक्सल थोडा पुढेमागे होतो, म्हणून सरकत्या टोकाला इंचभर जागा ठेवा. बॉक्सच्या शेपटाचा आणि पिनियनचा कोन सारखा येऊ द्या, नाहीतर साठच्या पुढे गाडी थरथरते. शाफ्ट बॅलन्स करूनच बसवा. स्पीडोमीटर चुकीचं दाखवेल, मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पिनियन बदला.

दांडा आता जमिनीतून वर येणार, म्हणजे पुढच्या सलग सीटचा मधला माणूस गेला. आमच्या आईची जागा तीच होती, मधली, वडील आणि माझ्यामध्ये. दांडा पुढे वाकवून, सीटला हात न लावता ती जागा जेमतेम वाचवली. फ्लोअर कापण्याआधी पुठ्ठ्याचा दांडा करून दुसऱ्या आणि चौथ्याच्या जागी धरून बघा, घरच्या माणसांना बसवून बघा.

कागदांचं: इंजिन बदललं तर आरसीवर नोंद लागते, म्हणून बॉक्सबरोबर ‘इंजिनही घेऊन टाका’ असं भंगारवाला म्हणाला तर आधी आरटीओत जाऊन या, मग ठरवा. आणखी एक. तुमची गाडी २०२८ मध्ये पन्नास वर्षांची होईल. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात सांभाळलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. म्हणून मूळ शेल आणि चासीत जमेल तितकं कमी कापा. क्रॉस मेंबर वेल्ड करू नका, बोल्टवर घ्या. जुना बॉक्स, कॉलमचे सगळे रॉड आणि शाफ्ट विकू नका. माझे ग्रीस लावून गोणपाटात बांधून माळ्यावर आहेत, प्रत्येक रॉडला चिठ्ठी बांधून.

या रविवारी चाकाचे दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे किती झाले ते लिहा. कॉलमच्या खालच्या बुशचा फोटोही टाका. भंगारवाल्याला तोपर्यंत विसार देऊ नका. बॉक्स तपासायला शनिवारी दुपारनंतर मी येऊ शकेन, डायल गेज माझ्याकडे आहे.