सिनेटर पुन्हा गव्हर्नर का झाला?

प्रश्न : सॅम ह्यूस्टन मार्च १८५९पर्यंत वॉशिंग्टनमध्ये टेक्ससचे सिनेटर होते आणि त्याच वर्षी टेक्ससचे गव्हर्नर झाले. ही एक पायरी खाली उतरणंच नाही का? शिवाय ते पूर्वी टेनेसीचेही गव्हर्नर होते म्हणतात, ते खरं का?

उत्तर : त्यांना उतरवलं गेलं होतं, आणि उतरवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून ते परत आले.

त्या काळी सिनेटर निवडायचं काम राज्याच्या विधिमंडळाकडे असे. मतदारांना तो हक्क १९१३च्या घटनादुरुस्तीने मिळाला. गव्हर्नर मात्र लोक थेट निवडत. ह्यूस्टन यांचं सगळं राजकारण या फटीतून चाललं.

१८५४मध्ये कॅन्सस-नेब्रास्का विधेयक आलं. नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नाही, हे तिथे वस्ती करणाऱ्यांनीच ठरवावं, असं त्यात होतं. दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी असलेल्या राज्यांच्या, सिनेटरांपैकी दोघांनीच विरोधात मत दिलं : टेनेसीचे जॉन बेल आणि आपले ह्यूस्टन. टेक्ससचं विधिमंडळ खवळलं, पुढच्या वर्षी त्याने ह्यूस्टन यांच्या निषेधाचा ठराव केला. आता हे लोक आपल्याला पुन्हा पाठवत नाहीत, हे म्हाताऱ्याने ओळखलं आणि १८५७मध्ये सिनेटर असतानाच गव्हर्नरपदासाठी अर्ज ठोकला. एका नांगरविक्याच्या लालभडक बग्गीतून त्यांनी प्रचार केला. (वय चौसष्ट, आणि टेक्ससचा उन्हाळा!) तरी हार्डिन रनेल्स यांनी त्यांना पाडलं, आणि विधिमंडळाने सिनेटची जागा जॉन हेम्फिल यांना देऊन टाकली. दोन वर्षांनी ह्यूस्टन यांनी त्याच रनेल्सना हरवलं. पदग्रहणाचं भाषण त्यांनी विधिमंडळासमोर केलंच नाही. बाहेर पायऱ्यांवर येऊन थेट लोकांशी बोलले. मला ही खोड फार आवडते.

म्हणून त्यांना गुलामगिरीविरोधी मात्र समजू नका. त्यांच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. संघराज्य फुटू नये, एवढाच त्यांचा हट्ट. फेब्रुवारी १८६१मध्ये ज्या मतदारांवर त्यांची भिस्त होती, त्यांनीच साधारण तीनास एक अशा मतांनी फुटून निघण्याच्या बाजूने कौल दिला. मार्चमध्ये कॉन्फेडरसीच्या, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाच्या, निष्ठेची शपथ घ्यायला ह्यूस्टन यांनी नकार दिला आणि पद गेलं. राष्ट्राध्यक्ष लिंकन त्यांच्या मदतीला सैन्य पाठवायला तयार होते. तेही त्यांनी नको म्हटलं.

टेनेसीचं खरं आहे. १८२७मध्ये ते तिथे निवडून आले. १८२९मध्ये लग्न झालं आणि काही आठवड्यांतच मोडलं. कारण दोघांनीही चारचौघांत कधी सांगितलं नाही. ह्यूस्टन राजीनामा देऊन चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांत राहायला गेले. लोकांच्या मतांवर दोन वेगवेगळ्या राज्यांचं गव्हर्नरपद मिळवणारे आजवर ते एकटेच.