भरतीच्या आलेखातली खोटी लाट

प्रश्न : आमच्या खाजनाच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीच्या) मानशीबाहेर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दरवाजाबाहेर, नदीची पातळी मोजणारा सेन्सर आहे. दर १० मिनिटांनी एक नोंद, अशी ५ वर्षांची आकडेवारी जमली आहे. वेबपानावर एसव्हीजीमध्ये (आकृत्या काढायच्या पद्धतीत) आलेख काढला, प्रत्येक नोंदीला एक ठिपका. फोनवर बोट लावताच तो थिजतो. म्हणून दर ७२वी नोंदच ठेवली. आता आलेख झरझर सरकतो, पण पाणी पंधरवड्यातून एकदाच चढते-उतरते असे दिसते. ही उधाण-भांगाची (मोठ्या आणि लहान भरतीच्या चक्राची) लाट म्हणायची का?
— एक वाचक, दिवाडी

उत्तर : नाही. ती लाट नदीतली नव्हे, तुमच्या गाळणीतली आहे. ७२वी नोंद म्हणजे १२ तासांना एक. भरती परत येते साधारण १२ तास २५ मिनिटांनी. त्यामुळे प्रत्येक नोंद भरतीच्या फेऱ्यात २५ मिनिटे मागे सरकते आणि पूर्ण फेरा व्हायला पावणेपंधरा दिवस लागतात. उधाण-भांगाचे चक्रही तेवढेच, म्हणून फसगत झाली. ७२ऐवजी ७०वी घेतली असती, तर आठ दिवसांची लाट दिसली असती! खऱ्या उधाणात भरती वर जाते आणि ओहोटीही जास्त खाली जाते, पट्टा रुंदावतो. तुमची रेघ मात्र आख्खीच वर-खाली होते.

नोंदी गाळायच्याच, पण वेगळ्या रीतीने. आलेखाची रुंदी ३६० पिक्सेल असेल तर दिसणाऱ्या काळाचे ३६० भाग करा. प्रत्येक भागातली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पातळी घेऊन त्यांच्यामध्ये एक उभी रेघ ओढा. सरासरी घेऊ नका, पाच दिवसांच्या सरासरीत भरती-ओहोटी पुसली जाते. वर्षभरावर झूम केले की एका रेघेत साधारण एक दिवस येतो आणि उधाण-भांग नीट उमटते. अडीच दिवसांच्या आत आलात की मूळ नोंदीच जोडा. सेन्सर बंद होता तिथे रेघ तोडा, शून्य भरू नका.

थिजण्याचे कारण : एसव्हीजीत प्रत्येक ठिपका हा पानाचा स्वतंत्र घटक असतो, आणि अडीच लाखांहून जास्त घटक सांभाळताना ब्राउझरची दमछाक होते. रेघा कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या एकाच रंगवायच्या फलकावर, काढा. अक्ष आणि आकडे एसव्हीजीतच राहू द्या. कॅनव्हासला काय काढले ते आठवत नाही, म्हणून बोटाखालची नोंद वेळेच्या क्रमात द्विभाजन पद्धतीने, म्हणजे दर वेळी अर्ध्या नोंदी वगळत, शोधा. फार तर १९ तुलना लागतात. तिची खूण वरच्या दुसऱ्या कॅनव्हासवर काढा, म्हणजे खालचा पुन्हा रंगवावा लागणार नाही. बोट हलले की लगेच रंगवू नका. ब्राउझरचे 'रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम' वापरून, पडदा दर वेळी नव्याने रंगतो तेव्हा एकदाच रंगवा.

रेघा धूसर दिसल्या तर कॅनव्हासची आतली रुंदी डिव्हाइस-पिक्सेल-रेशोने (पानाच्या एका पिक्सेलच्या रुंदीत पडद्याचे किती पिक्सेल बसतात त्या आकड्याने) गुणा. तो ३ असेल तर ३६० × ३ = १०८०, पण सीएसएसमधली (पानावर दिसणारी) रुंदी ३६०च.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, पण दाखवताना 'एशिया/कोलकाता' हा कालविभाग ठरवून द्या. नाहीतर दुबईत बसलेल्या तुमच्या गाववाल्याच्या फोनवर भरती दीड तास आधी येईल.