‘ढ’ चालतं, मग प्रमाणपत्राची भीती का?

“पोरं ढ म्हणतात, ते शाळा सुटली की सुटेल, मॅडम. पण सरकारी कागदावर एकदा ‘अक्षम’ असं लिहिलं की ते कोण पुसणार? तपासणी नाहीच केली तर?”

चौथीतल्या एका मुलाच्या आईने आम्हाला विचारलेला हा प्रश्न. तपासणी म्हणजे अध्ययन अक्षमतेची: डोकं चांगलं चालतं, पण वाचन, लेखन किंवा गणित मागे राहतं, ती अडचण. शब्द बदलतात, पण बरेच पालक हेच विचारतात, म्हणून उत्तर इथे सविस्तर देत आहोत. कुटुंब ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत.

वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. आई शिवणकाम करते आणि गॅरेजची बिलंही तीच लिहिते. मुलगा वर्गात ‘ढ’, घरी ‘आळशी’, आणि आत्याच्या मते ‘डोक्यात नुसते बटाटे’. हाच मुलगा गॅरेजमध्ये वडिलांनी नुसता हात पुढे केला, की दहा-अकराचा पाना हवाय की बारा-तेराचा हे न विचारता ओळखतो.

त्याची वही पाहिली. ‘पावसाळ्यात नदीला पूर आला’ हे वाक्य त्याने ‘पवसळत नदिल पुर आल’ असं लिहिलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आम्ही मोजत नाही. त्या पदवीधरांच्याही होतात. बघायचं ते हे: काना-मात्रा गळतात का, जोडाक्षर फुटतं का, भ-म, घ-ध, थ-य यांची गल्लत चौथीतही होते का, आणि एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिला जातो का. धडा त्याला वाचून दाखवला, तेव्हा सगळ्या प्रश्नांची तोंडी उत्तरं बरोबर आली. तोंडी येतं आणि कागदावर उतरत नाही, ही तफावत दिसली की तपासणी सुचवायची.

त्याच वहीत शिक्षेचं एक पान होतं: ‘विद्यार्थी’ हा शब्द दहा वेळा. पहिल्या तीन ओळी बरोबर. चौथ्या ओळीत रफार गळून ‘विद्याथी’ झालं, आणि पुढे शेवटपर्यंत तेच. फळ्यावरचा शब्द सोडून मुलगा आपलीच वरची ओळ उतरवत होता. म्हणजे चूकच सात वेळा गिरवली, आणि खाली शेरा ‘निष्काळजी’.

आईला पहिल्यांदा सांगितलं ते हे, की मुलावर शिक्का बसायचा राहिलेला नाही. तो बसलाय, आणि तोही असा की त्यातून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. आळशी मुलाला रागवायचं, एवढंच त्यावरचं औषध. ‘ढ’ ठरलेल्याच्या उत्तरासाठी वर्गात कुणी थांबत नाही. त्याने तोंड उघडायच्या आत प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असतो. १९६४-६५ च्या शालेय वर्षात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही मुलं निवडून ‘ही यंदा चमकणार’ असं शिक्षकांना सांगितलं होतं. वर्षाअखेरी पहिली-दुसरीतल्या अशा मुलांची बुद्धिमापन चाचणीतली वाढ इतरांपेक्षा जास्त भरली. त्या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि इतका मोठा परिणाम सहसा दिसत नाही, हेही खरं. पण प्रश्न विचारून कुणासाठी थांबलं जातं, हे कोणत्याही वर्गात मागे बसून पाहता येतं.

तपासणी दोन-तीन बैठकांत होते. आधी डोळे आणि कान. मग मानसशास्त्रज्ञांकडून बुद्धिमापन, त्यानंतर विशेष शिक्षकांकडून वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी. बुद्धी वयाप्रमाणे आणि वाचन-लेखन इयत्तेच्या बरंच मागे असेल, तरच अध्ययन अक्षमता म्हणायचं. त्याआधी इतर कारणं बाजूला काढावी लागतात. मध्येच माध्यम बदललेलं मूल, दीर्घ आजारपणात शाळा बुडालेलं मूल, ऊसतोडीला आईबापांबरोबर पाच-सहा महिने फडावर राहिलेलं मूल यांचंही वाचन मागे पडतं. त्यांना शिकवणं कमी पडलेलं असतं. त्यांच्यावर हे नाव चिकटवणं हा अन्याय आहे, आणि घाईच्या तपासणीत तो होतो.

आता कागद. अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती महाराष्ट्रात १९९६ पासून आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचं तेवढं कायमचं. म्हणजे चौथीतला कागद जन्माला पुरत नाही. खाजगी अहवाल शिकवण्याची आखणी करायला उपयोगी पडतो, पण परीक्षेसाठी अधिकृत सरकारी रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागतं. ते पालकांच्या हातात राहतं; जादा वेळ, लेखनिक यांसारखी सवलत हवी असेल तेव्हा शाळेमार्फत अर्ज करायचा. नेमक्या सवलती मंडळाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात बघाव्यात, आणि दहावीच्या जानेवारीत धावाधाव करू नये.

तरी आईच्या भीतीत तथ्य आहेच. मुळात ‘अक्षमता’ हा शब्दच वाईट बेतलाय. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल शिकूच शकत नाही. कायद्याच्या कागदावर तो असू द्या, घरात वापरू नका. मुलाला असं सांगा: “तुझं डोकं छान चालतं. अक्षरं आणि आवाज जुळवायला तुला जास्त वेळ लागतो, म्हणून आपण ते वेगळ्या पद्धतीने शिकणार आहोत.”

नाव कळल्यावर दोन चुका हमखास होतात. एक, ते पसरतं: वाचायला अडचण आहे म्हणून दुकानात पाठवणं बंद, सुट्टे पैसे मोजायला देणं बंद. दुसरी, मुलालाच ते सोयीचं वाटू लागतं: “मला एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) आहे, मला जमणार नाही.” यावर उत्तर, “वेळ जास्त घे, पण करायचंय.”

घरी रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. पाच मिनिटं ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं आणि त्याच वेळी त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. एका आठवड्यात एकच जोडी, समजा भ-म. पाच मिनिटं शब्दाचे तुकडे टाळ्या वाजवून. उरलेली दहा मिनिटं दोघांनी एका सुरात वाचायचं. त्याने कोपराने खूण केली की मोठ्या माणसाने थांबायचं आणि त्याला एकट्याला पुढे जाऊ द्यायचं. अडला तर चार सेकंद थांबून शब्द सांगून टाकायचा, फोड करायला लावायची नाही.

वर्गशिक्षकांना अर्ध्या पानाचं पत्र पुरतं. त्यात तीनच विनंत्या: आयत्या वेळी सर्वांसमोर प्रकट वाचन नको, उत्तराला थोडा वेळ द्यावा, दहा वेळा लिहिण्याऐवजी शब्द एकदा पाहून, झाकून लिहायला लावावा. निदानाचं नाव लिहायचं की नाही, हे आईवर सोडलं. तिने लिहिलं नाही. तरीही काम झालं.

अहवाल समजावला त्या दिवशी, हा प्रकार पुष्कळदा घराण्यात चालत येतो, असं ओघात सांगितलं गेलं. मुलाने लगेच विचारलं, “म्हणून बाबा बिलं लिहीत नाहीत?” वडील खाली बघत राहिले. बायको आणि मुलगा बाहेर पडल्यावर त्यांनी दार अर्धवट लोटलं आणि विचारलं, “मॅडम, मोठ्या माणसांची तपासणी होते का हो?”

होते. पुढच्या मंगळवारची वेळ दिली.