'यंत्राने चित्र काढलं' यातला 'ने' कोणाचा?

प्रश्न असा आलाय: कला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या एका व्याख्यानात वक्ते सारखं 'यंत्राने चित्र काढलं' म्हणत होते. यंत्र चित्र 'काढतं' कसं? 'तयार करतं' म्हणायला नको का?

मला 'काढणे' अजिबात खटकत नाही. आपण रांगोळी काढतो, तसा फोटो काढतो, झेरॉक्स काढतो, प्रिंटही काढतो. यंत्राच्या कामाला हे क्रियापद केव्हाच रुळलंय. खरी गंमत त्या 'ने'मध्ये आहे.

'रमाने भाजी चिरली' आणि 'विळीने भाजी चिरली'. प्रत्यय तोच, तृतीयेचा. पण रमा कर्ता आहे आणि विळी करण, म्हणजे कामाचं साधन. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्त्यालाही 'ने' लागतो आणि हा फरक झाकला जातो. काळ बदलून बघा. 'रमा भाजी चिरते' सहज येतं, 'विळी भाजी चिरते' असं कोणी म्हणत नाही. निर्जीव वस्तू कर्ता होऊच शकत नाही असंही नाही. 'पावसाने भात आडवा केला'चं 'पाऊस भात आडवा करतो' बिनदिक्कत होतं. म्हणजे 'यंत्र चित्र काढतं' की 'यंत्राने चित्र काढतात', हे वर्तमानकाळात बोलणाऱ्याला ठरवावंच लागतं.

हॅरॉल्ड कोहेन या चित्रकाराचा 'आरॉन' हा प्रोग्राम घ्या. 1979 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आरॉनच्या सूचनांनुसार कोहेन यांचं चाकांवर चालणारं छोटं यंत्र जमिनीवर अंथरलेल्या कागदावर पेनाने रेषा काढत फिरायचं. त्या काळात रंग कोहेन स्वतः हाताने भरत. इथे 'आरॉनने रेषा काढल्या, कोहेननी रंग भरले' हे वाक्य मला अगदी चोख वाटतं. दोन्ही 'ने-नी' कर्त्याचे.

'एडमंड दी बेलामी'चं तसं नाही. हे व्यक्तिचित्र 2018च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात 4,32,500 डॉलरला विकलं गेलं. त्यामागे चौदाव्या ते विसाव्या शतकातली सुमारे 15,000 व्यक्तिचित्रं होती, ती यंत्राला शिकण्यासाठी पुरवणारे तीन फ्रेंच तरुण होते, आणि प्रोग्रामचा बराच भाग आणखीच कोणाचा होता. चित्राच्या कोपऱ्यात सहीच्या जागी गणिती सूत्र! श्रेय कोणाचं यावर तेव्हा वाद झाला तो उगाच नाही. इथे नुसतं 'यंत्राने काढलं' म्हटलं की ही सगळी माणसं त्या एका प्रत्ययामागे दडतात.

अशा ठिकाणी मी 'तिघांनी यंत्राकडून चित्र काढून घेतलं' असं म्हणेन. काढणारं कोण आणि काढून घेणारे कोण, दोन्ही त्यात येतं. 'यंत्राकडून चित्र काढलं गेलं' मात्र नको. त्यात काढून घेणारे पुन्हा गायब होतात.