कुऱ्हाडीवरची अक्षरं कंपनीची की मालकाची?

प्रश्न : दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर एक कुऱ्हाड सापडली, दांडा वाळवीने खाल्लेला पण पातं एकदम दणकट. एका बाजूला जी.बी.एस.आर. असं ठोकलंय, म्हणजे हीच बनवणारी कंपनी ना? नेटवर खूप शोधलं पण या नावाची कुऱ्हाडवाली कंपनी काही सापडेना. दुसऱ्या बाजूला गंजात डब्ल्यू.एच. एवढंच वाचता येतं, त्याच्याखाली ५ चा आकडा. आजोबा रेल्वेत होते. मुलगा म्हणतो ग्राइंडर मारून चकाचक करतो, करू देऊ का? आणि विकली तर किती येतील? फोटो पाठवतेय. (एक वाचक, बडोदा)

उत्तर : ताई, पहिल्यांदा मुलाच्या हातातला ग्राइंडर काढून घ्या, बाकीचं मग बोलू. माझ्याकडे एक वाकस (लाकूड तासायचं सुताराचं हत्यार) होता, चांगला शिक्का असलेला, मी एकाकडे धार लावायला दिला आणि त्याने प्रेमाने अख्खा आरशासारखा घासून आणला, शिक्का गेला तो गेलाच.

आता जी.बी.एस.आर. ही कुऱ्हाड बनवणारी कंपनी नाही हो, ही तर आपली गायकवाड्स बडोदा स्टेट रेल्वे! खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम छोट्या रुळांवर बैलांनी ओढायची गाडी सुरू केली, तिथून वाढत गेलेली रेल्वे, आजोबा बहुधा हिच्यातच असणार. रुळाशेजारच्या बाभळी तोडायला रुळांची देखभाल करणाऱ्या गँगकडे कुऱ्हाडी लागायच्याच, आणि सरकारी माल घरी जाऊ नये म्हणून त्यावर नाव ठोकायचे (तुमच्या माळ्यावर कशी आली ते आपण विचारायचं नाही). १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ही रेल्वेही बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेमध्ये गेली, त्यामुळे तो ठोका त्याच्या आधीचा.

हे नुसतं नावावरून म्हणत नाहीये, तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघा. जी थोडा कलंडलाय, आर खाली घसरलाय, दोन अक्षरांमधलं अंतर कुठे कमी कुठे जास्त, आणि प्रत्येक अक्षराच्या कडेला धातूची बारीक वरंब उठलीय. म्हणजे थंड पात्यावर कुणीतरी एकेक अक्षराचा पंच धरून हातोडीने ठोकलंय. कारखान्याचा शिक्का असा नसतो, लोखंड लाल असताना एकाच ठशाने उठवलेला, सगळी अक्षरं एका ओळीत, काठ गोलसर. तुमच्या डब्ल्यू.एच. ची अक्षरं अशा कारखान्याच्या शिक्क्यासारखीच आहेत.

त्यापुढे एस चं वळण दिसतंय, आणि खालच्या ओळीत शेवटची डी, ई, एस ही तीन अक्षरं मला लागली, म्हणजे तिथे ‘ब्रेड्स’ असणार. डब्ल्यू.एच.एस. म्हणजे विल्यम हंट अँड सन्स, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ ओल्डबरीला त्यांचा ब्रेड्स नावाचा कारखाना होता. गंमत म्हणजे हीच तीन अक्षरं तिकडच्या उत्खननवाल्यांच्या थापीवर असतात, ते त्याचा अर्थ ‘वर्क हार्ड ऑर स्टार्व्ह’, म्हणजे ‘खूप राबा नाहीतर उपाशी मरा’, असा लावतात! ५ म्हणजे पाच पौंड, सव्वादोन किलोच्या आसपास. दांडा काढून किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा, थोडं कमी भरेल, इतकी वर्षं धार लावून लावून झिजलीय ना.

खात्री करायची तर पातं प्लास्टिकच्या टबात पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक रात्र बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करून मशीनचं तेल लावा, नाहीतर तासाभरात परत तांबूस होईल. मग शिक्क्यावर खडू चोळून वरची पूड पुसा आणि अंधारात मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, पात्याला चिकटून धरा, समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. धारेकडचा पट्टा जास्त काळपट दिसायला लागला तर घाबरू नका, तिथे मऊ लोखंडावर पोलाद चढवून पाणी दिलेलं (तापवून झटकन थंड करून कडक केलेलं) असतं, व्हिनेगरने तेवढंच वेगळं दिसतं.

पैशाचं विचाराल तर फार आशा ठेवू नका, अशा कुऱ्हाडी खूप निघाल्या. पण दोन्ही बाजू वाचता येतात अशी आजोबांची कुऱ्हाड मी तरी विकली नसती, नवा दांडा बसवून ठेवली असती.

प्रश्न : माझ्याकडच्या कुऱ्हाडीवर फक्त वर तोंड केलेला बाण आणि १९४३ आहे. बाण छाप कुठली कंपनी? (कारेलीबाग, बडोदा)

उत्तर : काका, बाण ही कंपनी नव्हे, तो ब्रिटिश सरकारच्या मालाचा शिक्का, आणि साल बघता लष्कराची ऑर्डर. युद्धात गिलपिन, एलवेल अशा बऱ्याच इंग्लिश कंपन्यांनी लष्कराला कुऱ्हाडी पुरवल्या, तेव्हा बनवणाऱ्याचं नाव वेगळं शोधावं लागेल. बाणाच्या वर-खाली आणि पात्याच्या दुसऱ्या अंगाला खडू लावून बघा, आणि शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे व तुंब्याचा (दांडा बसतो त्या भोकाचा) असे तीन फोटो पाठवा, फ्लॅश बंद करून.